कातडीवरची कायमची नोंद

नागपूर-हैदराबाद महामार्ग आणि चंद्रपूरकडे वळणारा रस्ता जिथे भेटतात, ते वर्धा जिल्ह्यातील समुद्रपूर तालुक्याचे जाम. चौरस्त्यावर बसची वाट पाहणाऱ्यांचे हात न्याहाळले, तर दोन युगांचे गोंदण शेजारी शेजारी दिसते. वृद्धेच्या मनगटावर फिकट हिरवे ठिपके आणि तुळस. तरुणाच्या दंडावर काळेभोर चक्र.

अशाच एका घरातील गोष्ट. महाविद्यालयात शिकणाऱ्या नातवाने आजीला मोबाईलवर एक चित्र दाखविले. "आजी, हे अॅझटेक डिझाईन. पुढच्या आठवड्यात नागपूरला जाऊन करून घेतो."

आजी रागावल्या नाहीत. त्यांनी एवढेच विचारले, "चांगलं आहे. पण बाळा, याचा अर्थ काय?"

उत्तर नव्हते. म्हणून नातू शोधू लागला, आणि जे सापडले ते जाणून घेण्याजोगे आहे.

अॅझटेक लोकांचे राज्य आजच्या मेक्सिकोत होते. तेनोच्तित्लान ही त्यांची राजधानी 1521 मध्ये स्पॅनिश आक्रमकांच्या हाती पडली आणि तिच्यावरच मेक्सिको सिटी उभी राहिली. तेथील मुख्य चौकात 1790 च्या डिसेंबरमध्ये एक प्रचंड कोरीव शिळा निघाली. व्यास सुमारे साडेतीन मीटर, वजन सुमारे 24 टन. 'सूर्यशिळा' म्हणून ती आज तेथील राष्ट्रीय मानववंशशास्त्र संग्रहालयात आहे. नातवाच्या मोबाईलवरील चक्र तिचेच होते.

शिळेच्या मध्यभागी जो चेहरा आहे, तो सूर्यदेवाचा असल्याचे बहुतेक अभ्यासक मानतात. भोवतीच्या चार चौकटी म्हणजे लयाला गेलेली चार युगे. त्याबाहेरच्या वलयात वीस दिवसांची वीस चिन्हे. मात्र त्या चेहऱ्याची बाहेर आलेली जीभ म्हणजे बळीची गारगोटीची सुरी आहे आणि दोन्ही बाजूंच्या पंजांत मानवी हृदये आहेत. सूर्य चालत राहावा म्हणून त्याला मानवी रक्ताचे पोषण हवे, ही त्या समाजाची श्रद्धा होती. त्यांच्यासाठी ते भयंकर नव्हते, कर्तव्य होते. परंतु ज्या घरात सूर्यास्तापूर्वी जेवण आटोपते आणि पाणीही गाळून प्यायले जाते, त्या घरातील मुलाच्या दंडावर ते चित्र कायमचे असावे काय? हा प्रश्न आजीने विचारला नाही. तो नातवाला स्वतःलाच पडला.

आणखी एक गोष्ट त्याच्या ध्यानी आली. 'अॅझटेक' म्हणून दाखविल्या जाणाऱ्या अनेक नक्ष्या प्रत्यक्षात पॅसिफिक बेटांवरील पद्धतीच्या असतात. 'टॅटू' हा शब्दही ताहिती बेटावरचा. 1769 मध्ये तेथे गेलेल्या कॅप्टन कुकच्या प्रवासानंतर तो इंग्रजीत रुळला.

मग त्याने आजीच्या मनगटाकडे बोट दाखविले. "हे कुणी केलं?" आजी सांगू लागल्या. गोंदणारी बाई दारी येई, एकत्र बांधलेल्या सुया काजळीत बुडवून टोचे, आणि मोबदला म्हणून सुपात धान्य नेई. तुळस सासरच्या अंगणाची खूण, ठिपके माहेरच्या हौसेचे. पुढे पेन्शनच्या कागदावर 'ओळखीची खूण' या रकान्यात हीच तुळस लिहिली गेली. "मेल्यावर सोबत येतं ते गोंदणच, असं बाया म्हणायच्या," आजी हसून म्हणाल्या. "पण देहच इथे राहतो, तर गोंदण कुठलं जाणार? सोबत येतं ते कर्म."

खतावणीतील चुकीची नोंद उलट नोंदीने दुरुस्त करता येते. कातडीवरील नोंदीला ती सोय नाही. लेझरने गोंदण फिके करता येते, परंतु त्यासाठी अनेक बैठका लागतात, खर्च बहुधा गोंदणाहून अधिक येतो आणि डागही राहू शकतो. सुई निर्जंतुक नसेल तर काविळीचा ब आणि क हे प्रकार, तसेच एचआयव्ही यांचा धोका असतो. म्हणूनच गोंदणानंतर बारा महिने रक्तदान करता येत नाही. सैन्यभरतीत हाताची कोपरापासून मनगटापर्यंतची आतील बाजू व पंजाची मागील बाजू सोडून अन्यत्र गोंदण चालत नाही. आदिवासी उमेदवारांना रूढीनुसार सवलत आहे. आणि ज्यांना मंत्राक्षरे वा तीर्थंकरांची लांछने अंगावर हवीशी वाटतात, त्यांनी एवढा विचार करावा, की हा देह सर्व प्रसंगी शुचि राहत नाही. अशा वेळी त्या अक्षरांचा अविनय होणारच.

नातू नागपूरला गेला नाही. गोंदण कधीच करणार नाही, असेही तो म्हणाला नाही. आजीच्या तुळशीचे चित्र मात्र त्याने वहीत काढून ठेवले आहे; फिकट झालेले दोन ठिपके कुठे होते, हे आजींना विचारून.