वेताळाच्या गादीवर कोण?

दिवाळीच्या सुट्टीत नातवंडं नाशिकला आली, की टीव्हीसमोर माझं काम ठरलेलं असतं. त्यांनी सिनेमा बघायचा आणि मी मधूनमधून "हा कोण रे?" विचारून त्यांना वैताग आणायचा. यंदा उलटं झालं. त्यांनी १९९६ सालचा 'द फँटम' लावला आणि जांभळ्या पोशाखातला बिली झेन दिसताच मीच ओरडलो, "अरे, हा तर आमचा वेताळ!"

आमच्या पिढीला वेताळ भेटला तो इंद्रजाल कॉमिक्समधून. १९६४ साली सुरू झालेली आणि १९९० साली बंद पडलेली ही पुस्तकं. आम्ही ती भाड्याने आणायचो आणि भूगोलाच्या पुस्तकात दडवून वाचायचो. ली फॉकने १९३६ साली वृत्तपत्रातल्या चित्रमालेसाठी निर्माण केलेला हा नायक. त्याला उडता येत नाही, अंगात दैवी शक्ती नाही. त्याची खरी ताकद म्हणजे एक गुपित. जंगलातल्या लोकांना वाटतं हा अमर आहे. प्रत्यक्षात १५३६ सालापासून बापामागून मुलगा तोच पोशाख चढवत आला आहे. आपण वाचत होतो तो एकविसावा.

सिनेमा संपला. नात म्हणाली, "आजोबा, याचा दुसरा भाग?"

"आलाच नाही. पहिलाच चालला नाही."

"मग तुम्ही सांगा ना पुढे काय होतं!"

हा प्रश्न दिसतो तेवढा पोरकट नाही. चित्रकथेतून सिनेमा, सिनेमातून पुढचा सिनेमा हा आज जगातला एक बडा धंदा आहे, आणि त्यात चित्रकथेची पानं जशीच्या तशी पडद्यावर कुणी उतरवत नाही. जिम स्टारलिनची 'इन्फिनिटी गाँटलेट' ही १९९१ सालची कथा. त्यात थॅनोस अर्धं विश्व संपवतो ते साक्षात मृत्यूदेवीच्या प्रेमात पडून, तिला खूश करण्यासाठी. २०१८ आणि २०१९ साली याच कथेवरून 'अ‍ॅव्हेंजर्स'चे दोन चित्रपट निघाले. त्यात ती देवी गायब झाली आणि थॅनोसला वाढत्या लोकसंख्येची चिंता लागली. चुटकी तेवढी तीच राहिली. 'सिव्हिल वॉर'चंही तसंच. कागदावर वीरांची झुंडच्या झुंड होती. २०१६ सालच्या चित्रपटात विमानतळावर सहा विरुद्ध सहा उरले, आणि शेवटी तर भांडण दोन मित्रांवर आलं. म्हणजे कथेतून प्रसंग उचलायचे नसतात. एक दुखरी जागा उचलायची असते.

हे सगळं हॉलीवूडकडून शिकायला हवं असंही नाही. त्र्यंबकेश्वरी जन्मलेल्या दादासाहेब फाळक्यांनी १९१८ साली 'श्रीकृष्णजन्म' काढला आणि पुढच्याच वर्षी त्याच बाळकृष्णाला घेऊन 'कालियामर्दन'. नाशिकच्या हिंदुस्थान फिल्म कंपनीची ही चित्रं. प्रेक्षकांना गोष्ट पाठ होती, नायक ठाऊक होता, तरी ते पुन्हा आले. कालियाच्या फण्यावर नाचणारा तो कृष्ण म्हणजे फाळक्यांची सात वर्षांची मुलगी, मंदाकिनी. चित्रपटाच्या आरंभीच तिचे हावभाव दाखवून फाळक्यांनी प्रेक्षकांना सांगूनच टाकलं होतं, की ही पोर आहे बरं का. कुणाचं काही बिघडलं नाही.

तर वेताळाची दुखरी जागा कोणती? माझ्या मते ती खजिना किंवा चाचे ही नव्हे, त्या पहिल्या सिनेमात आटोपल्या. ती आहे गादी. १९७७ साली वेताळाने डायनाशी लग्न केलं आणि १९७९ साली त्यांना जुळं झालं. किट हा मुलगा आणि हेलॉइज ही मुलगी. रिवाज सांगतो, मुखवटा मुलाचा. पण फॉकनेच फार पूर्वी एका गोष्टीत पेच टाकून ठेवला आहे. सतरावा वेताळ अंथरुणाला खिळला, तेव्हा त्याची बहीण ज्यूली पोशाख घालून बाहेर पडली होती. फॉक १९९९ साली वारला. पुढच्या लेखकाने किटला हिमालयात शिकायला धाडलं आणि हेलॉइजला न्यूयॉर्कच्या शाळेत. तिथे मैत्रिणीचा बाप दहशतवादी निघतो आणि ही पोरगी त्याला पकडून देते. दुसऱ्या भागासाठी आणखी काय हवं? बाप जखमी, मुलगा दूर, आणि दारात मुलगी उभी.

एक अडचण आहे. गोऱ्या माणसाने आफ्रिकेतल्या लोकांची राखण करावी ही कल्पना आज कुणी मुकाट्याने गिळणार नाही, आणि गिळूही नये. फॉकने पुढे त्या देशाला लुआगा हा लोकांनी निवडलेला राष्ट्राध्यक्ष दिला. नव्या चित्रपटात त्यानेच मुलीला विचारावं, "आम्हाला तुमची गरज आहे असं कोण म्हणालं?" तिला याचं उत्तर शोधावं लागलं, तर चित्रपटाला काही अर्थ आहे.

हे मी रंगून सांगत होतो आणि ताई, माझी थोरली बहीण, शेजारी चकल्या मोडत ऐकत होती. आमचं भांडीबाजारात तांब्यापितळेचं दुकान होतं. हिशेब तिला तोंडपाठ, गिऱ्हाईक तिच्याशी बोलून खूश व्हायचं. वडिलांनी किल्ल्या माझ्या हातात दिल्या, तेव्हा ना वडिलांनी तिला विचारलं ना मी. स्टीलने मार खाल्ला म्हणून दुकान बंद पडलं, असं मी आजवर सगळ्यांना सांगत आलो. ते पूर्ण खरं नाही.

"आणि त्या किटचं काय करणार?" ताईने विचारलं.

"तो हिमालयातून परत येतो," मी म्हटलं, "आणि बघतो तर मुखवटा बहिणीच्या तोंडावर."

"आणि?"

नातू म्हणाला, भांडण होईल. नात म्हणाली, तो घोडा धरून उभा राहील. ताईने चकलीचा तुकडा तोंडात टाकला आणि म्हणाली, "आधी त्याला विचारा, त्याला तरी ती गादी हवी होती का."

मी ताईकडे पाहिलं. हे मलाही कुणी विचारलं नव्हतं.