वल्हांडणाच्या पेल्यात काय असावे?

धर्मकृत्यासाठी द्रव्य निवडताना मनुष्यास दोन मोह पडतात: एक किमतीचा, दुसरा चवीचा. यहुदी बांधवांच्या सणाच्या पंक्तीत द्राक्षरसाला जे स्थान आहे, त्याचा विचार करू लागताच हे दोन्ही मोह समोर उभे राहतात. शब्बाथ असो वा सण, हाती पेला घेऊन 'किद्दुश' म्हटल्यावाचून त्या भोजनाचा आरंभ होत नाही. वल्हांडणाच्या, म्हणजे पेसाहच्या, रात्री तर प्रत्येकाने चार पेले घ्यावयाचे असतात. मिसरच्या दास्यातून सोडविण्याच्या ईश्वरी वचनात मुक्तीचे जे चार शब्द आले आहेत, त्यांचे हे स्मरण होय, असे परंपरा सांगते. मग तो पेला कशाने भरावा?

प्रथम शास्त्र पाहू. धर्मगुरूने मंत्र म्हटला की वाइन 'कोशेर' होते, हा समज खरा नव्हे. द्राक्षे चिरडल्यापासून बाटली बंद होईपर्यंत तो रस शब्बाथ पाळणाऱ्या यहुद्यांनीच हाताळावा, हा मुख्य नियम आहे. प्राचीन काळी मद्य मूर्तीपुढे ओतण्याची रीत होती. तिच्यापासून दूर राहण्याच्या सावधगिरीतून तो निर्माण झाला. वेलीच्या पहिल्या तीन वर्षांची फळे वर्ज्य आहेत. रस निवळण्यास निषिद्ध प्राणिज पदार्थ चालत नाहीत. वल्हांडणासाठी खमिराच्या धान्याचाही संसर्ग नको. म्हणून त्या सणास योग्य असल्याची स्वतंत्र खूण बाटलीवर पाहावी. आमच्याकडील सोवळे स्नानाने व वस्त्राने साधते. येथे शुद्धता व्रतस्थ हातावर अवलंबून असते. म्हणूनच नाशिकची द्राक्षे कितीही नामांकित असली, तरी केवळ त्यांच्या बळावर वाइन कोशेर ठरत नाही.

आता निवडीकडे वळू. पंक्तीस अन्यधर्मीय पाहुणे असतील, वा वाढणारे अन्यधर्मीय असतील, तर 'मेवुशाल' वाइन घ्यावी. ती तापविलेली असल्यामुळे कोणी ओतली तरी बाध येत नाही. हल्ली काही क्षण तापवून लगेच थंड करण्याची रीत असल्याने चवही फारशी बिघडत नाही. चार पेल्यांपैकी पहिले दोन जेवणाआधी, म्हणजे रिकाम्या पोटी, घ्यावयाचे असतात. तेथे सौम्य वाइन हेच शहाणपण. मांसान्नाबरोबर कोरडी तांबडी शोभते. दुधातुपाच्या शाबुओत सणास पांढरी बरी. अमेरिकेतील काँकर्ड द्राक्षांची साखर घातलेली वाइन अनेक घरांत रूढ झाली आहे. परंतु गोडी हे पावित्र्याचे लक्षण नव्हे, आणि कोरडेपणा हे सुसंस्कृततेचेही नव्हे.

रंगाविषयी एक दुःखद इतिहास आहे. वल्हांडणास तांबडी वाइन श्रेष्ठ मानतात. तथापि यहुदी लोक विधीत मनुष्यरक्त वापरतात, असा निराधार आरोप करून युरोपात त्यांचे बळी घेतले गेले. म्हणून सतराव्या शतकात पोलंडमधील धर्मशास्त्री डेव्हिड हालेवी यांनी तांबडी टाळण्याची रीत नोंदविली. जेथे जीवाला भय, तेथे श्रेष्ठ रंगही शास्त्राने बाजूस ठेवला.

कोकणातील बेने इस्राएल समाजाने तर बाटलीवाचूनच हा प्रश्न सोडविला. काळ्या मनुका पाण्यात भिजवून, कुस्करून, गाळून केलेल्या सरबतावर त्यांनी पिढ्यान्‌पिढ्या किद्दुश म्हटला. द्राक्षफळ बाजारातून कोणाच्याही हातून घेता येते. हाताचे बंधन लागते ते रस निघाल्यावर, आणि तो रस तर घरच्याच हातांनी निघतो. दाबल्यावर रस सुटेल अशा मनुकांच्या रसावर किद्दुश करण्यास 'शुल्हान आरूख' या विधिग्रंथाचीही अनुमती आहे. याच समाजाने 1874 साली पुण्यात मराठी भाषांतरासह सचित्र हग्गादा छापली, 1880 च्या सुमारास मुंबईत बायबलमधील आख्यानांवर मराठी कीर्तने उभी केली. कथा तोरातील आणि चाल आमच्या कीर्तनाची, हे ज्यांनी सहज साधले, त्यांनी पेल्यातही तेच साधले: विधी यरुशलेमचा, हात आणि भांडी कोकणातली.

आज परदेशी बाटल्या मिळू शकतात, तेव्हा मनुकांचे पाणी म्हणजे गरिबीचा नाइलाज, असे नव्या पिढीस वाटू लागण्याचा धोका आहे. आमचे स्पष्ट मत असे की, बाटली खुशाल आणावी, परंतु ते सरबत पंक्तीतून उठवू नये. लहान मुले, वृद्ध, मद्य वर्ज्य असलेले आजारी, या सर्वांना त्याच पेल्याने एकत्र बसता येते.

अत्यंत दरिद्री मनुष्यासही या रात्री चार पेल्यांहून कमी मिळू नयेत, मग ते धर्मादाय निधीतून द्यावे लागले तरी चालेल, असा दंडक मिश्नेने घालून ठेवला आहे. मुक्तीच्या सणास कोणी पेल्यावाचून राहू नये, हा त्यामागील भाव. तेव्हा निवड करणाऱ्याने बाटलीची किंमत नंतर पाहावी. आपल्या पंक्तीत कोणाचा पेला रिकामा राहील, हे आधी पाहावे.