दहा ओळींचा गेम

आजचे काही मोठे गेम शंभर जीबीहूनही जास्त जागा मागतात. अशा काळात ‘आख्खा गेम बेसिकच्या दहा ओळींत लिहा’ असे सांगणारी स्पर्धा २०११ पासून भरते आहे आणि जुन्या आठ-बिटी संगणकांचे चाहते तिच्यात हौसेने उतरतात. मला ही स्पर्धा फार मोलाची वाटते, ती तिच्या नियमांमुळे.

ओळी दहा ठरल्या, पण ओळ केवढी? कमोडोर ६४ वर एक ओळ टाइप करताना पडद्यावरच्या चाळीस-चाळीस अक्षरांच्या दोन रांगा मिळतात, म्हणजे ८० अक्षरे. अटारीवर तीन रांगा, म्हणजे १२०. सगळ्यांना एकाच तागडीत तोलले, तर कमोडोरवाल्यावर अन्याय होईल. म्हणून ८०, १२० आणि २५६ अक्षरांचे वेगवेगळे गट आहेत. आयोजकाला यंत्राची खोड ठाऊक असली की नियम असे न्याय्य होतात.

मग स्पर्धकाची बुद्धी पणाला लागते. स्पेक्ट्रम या संगणकावर तुलना खरी ठरली तर उत्तर १ येते, खोटी ठरली तर ०. त्यामुळे डावी-उजवी कळ तपासायला दोन ‘इफ’ लागत नाहीत. एका तुलनेचे उत्तर खेळाडूच्या जागेत मिळवायचे, दुसरीचे वजा करायचे. प्रोग्रॅमिंगचा इतका नेमका धडा मला क्रमिक पुस्तकात सापडलेला नाही.

हे ओळखून स्पेनच्या आलिकांते विद्यापीठाने २०१३ पासून ॲमस्ट्रॅड सीपीसी या १९८४ सालच्या संगणकासाठी गेम बनवण्याची स्पर्धा भरवली. तिथल्या विद्यार्थ्यांनी आपल्या जन्माआधीच्या यंत्रावर, ६४ केबी मेमरीत, पुरे गेम उभे केले.

ही यंत्रे आपल्याला परकी नाहीत. १९८४ मध्ये सुरू झालेल्या ‘क्लास’ योजनेतून भारतातल्या शाळांत बीबीसी मायक्रो आले. डेसिबेल्स इलेक्ट्रॉनिक्सने १९८६ मध्ये परवाना घेऊन स्पेक्ट्रम प्लस इथे विकला. त्यावर बेसिक शिकलेली पिढी आज पन्नाशीत आहे. परीक्षक शोधायला लांब जावे लागणार नाही.

म्हणून महाविद्यालयांतल्या संगणक विभागांना माझी विनंती आहे. यंदाच्या तंत्रमहोत्सवात अशी एक स्पर्धा ठेवा. खर्च जवळजवळ नाही, कारण जुन्या यंत्राची नक्कल करणारे एम्युलेटर फुकट मिळतात. यंत्र एकच ठरवा आणि सगळ्यांचे गेम एकाच एम्युलेटरवर तपासा. स्पर्धकांना किमान महिनाभर द्या. प्रत्येक ओळ काय करते, हे मराठीत लिहून मागा आणि त्याला निम्मे गुण ठेवा. उसना कोड तिथेच उघडा पडेल. निकालानंतर सगळ्या लिस्टिंग सूचनाफलकावर लावा, म्हणजे हरलेल्यालाही जिंकलेल्याकडून शिकता येईल. विद्यार्थ्यांनो, विभागाने पुढाकार घेतला नाही, तर तुम्ही घ्या.