कुरणापर्यंत न पोचलेले उपचार

बालकावरील लैंगिक अत्याचाराची बातमी आली की आपला सुशिक्षित समाज दोनच वाक्ये उच्चारतो. 'नराधमाला फाशी द्या' आणि 'पोरीला आता सगळे विसरू द्या'. पहिल्यात गुन्हेगार आहे, दुसऱ्यात आपली सोय आहे. ते मूल दोन्हींत कुठेच नाही. (शिवाय 'पोरीला' म्हणताना मुलगे सोयीस्करपणे वगळले जातात. केंद्र सरकारने २००७ साली प्रसिद्ध केलेल्या १३ राज्यांतील पाहणीत ५३.२२ टक्के मुलांनी कोणत्या ना कोणत्या स्वरूपाचा लैंगिक अत्याचार सांगितला होता, आणि त्यांत निम्म्याहून अधिक मुलगे होते.)

२०१६ साली बुलढाणा जिल्ह्यातील पाळा येथील आश्रमशाळेचे प्रकरण उघडकीस आले, तेव्हा महाराष्ट्र हादरला म्हणतात. हादरलेल्या महाराष्ट्राने अटकांची मोजदाद केली. त्या मुलींच्या झोपेचे, भीतीचे, शाळा या शब्दानेच अंगावर येणाऱ्या काट्याचे पुढे काय झाले, हे विचारण्याइतका वेळ कोणापाशी होता?

जुडिथ हर्मन यांनी १९९२ साली आघातातून सावरण्याच्या तीन अवस्था मांडल्या: आधी सुरक्षितता, मग स्मरण आणि शोक, नंतर माणसांशी पुन्हा जोडले जाणे. 'विसरू द्या' या उपदेशाला यांत जागाच नाही. आणि सुरक्षिततेच्या आधी मुलाला बोलते करण्याची घाई हाही एक प्रकारचा अत्याचारच. आता ही पहिली अवस्था डहाणू-तलासरीच्या पाड्यावरून आश्रमशाळेत गेलेल्या मुलाला लावून पाहा. घर दूर. ज्याच्याकडे तक्रार करायची तोच वसतिगृहाची किल्ली सांभाळणारा. मायबोली वारली, आणि समुपदेशकाची भाषा छापील मराठी. 'लैंगिक शोषण' हा आपला वृत्तपत्री शब्द. त्या मुलाने तो कोणत्या तोंडाने उच्चारायचा?

याच तालुक्यात कोसबाडची टेकडी आहे, हे मला फार बोचते. ताराबाई मोडक यांनी १९४५ साली बोर्डीत ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले. पुढे ते कोसबाडला आले आणि अनुताई वाघ यांनी ते जन्मभर चालवले. मूल गुरांमागे जाते म्हणून शाळेत येत नाही, असे दिसल्यावर त्यांनी मुलाला दोष दिला नाही. शाळाच कुरणात नेली. बिया, शंख, पाने, खडे हीच साधने. आघातग्रस्त मुलावरील उपचारातही खेळ हेच मुलाचे पहिले बोलणे मानतात. ताराबाई मानसोपचार करीत होत्या असे मला मुळीच म्हणायचे नाही. पण अंतर कोणी तोडायचे, मुलाने की मोठ्यांनी, या प्रश्नाचे उत्तर तिथे कधीच दिले गेले होते.

यावर तज्ज्ञांचा आक्षेप ठरलेला: हे नाजूक काम अर्धशिक्षितांच्या हाती देता येणार नाही. मान्य. पण पाड्यावरच्या अंगणवाडी सेविकेला विश्वास ठेवून ऐकणे, पुन्हा पुन्हा न विचारणे, कायद्याप्रमाणे कळवणे आणि मुलाची सोबत न सोडणे शिकवता येते. तज्ज्ञाने तिच्या पाठीशी उभे राहावे आणि ठरल्या दिवशी पाड्यावर यावे. आज मुलाने बुडालेल्या मजुरीसह पालकाला घेऊन तज्ज्ञाच्या दारी जावे अशी आपली अपेक्षा असते, आणि तिसऱ्या खेपेला ते आले नाही की 'कुटुंबाचे सहकार्य नाही' असा शेरा पडतो.

कायदा मात्र कागदावर शहाणा आहे. २०१२चा पोक्सो कायदा मुलाची साक्ष ३० दिवसांत आणि खटला शक्यतो वर्षभरात संपवायला सांगतो. सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२३मध्ये मुलाच्या साहाय्यक व्यक्तीची नेमणूक पालकांच्या मर्जीवर सोडू नये असे बजावले. परंतु या व्यक्तीचे काम तपास आणि खटला यांच्याशी बांधलेले आहे. निकाल लागला की फाईल मिटते. सातवीतले मूल तोवर नववीत गेलेले असते, आणि रात्री अजूनही दिवा मालवू देत नसते.