श्रमदान आमचं, वेठ त्यांची

गेल्या पावसाळ्यात जबलपूरच्या सिविल लाइंसमधल्या एका बंगल्यात मी बैठकीला गेले. उन्हाळ्यात जळालेल्या जंगलात देशी झाडं लावायला स्वयंसेवक हवे होते. मी वनस्पतिशास्त्र शिकलेली, घरातली पहिली पदवीधर. हौसेनं नाव दिलं. चहाबरोबर पहिलं वाक्य आलं, "आग हेच लोक लावतात, मोहासाठी." हेच लोक म्हणजे गोंड.

मोहाची फुलं वेचायला झाडाखालचा पाला जाळतात आणि कधी ती आग पसरते, हे खरं आहे. पण जळालेल्या जमिनीवर झपाट्यानं फोफावते ती घाणेरी. देशी रोपांना ती वर येऊ देत नाही, आणि वाळली की पुढच्या वणव्याचं सरपण होते. ती गोंडांनी आणली नाही. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला इंग्रजांनी शोभेचं झुडूप म्हणून आणली; साहेबांच्या बागांच्या कुंपणांवरून ती रानात शिरली. मोह वेचणारीला गुन्हेगार ठरवणाऱ्यांना बंगल्याच्या कुंपणाचा हिशोब मात्र आठवत नाही.

लागवडीच्या दिवशी आम्ही पोचलो तेव्हा खड्डे तयार होते. गावातल्या गोंड बायकांनी ते आधीच खोदून ठेवले होते. आम्ही रोपं ठेवली, फोटो काढले, प्रमाणपत्रं घेतली. बायकांच्या मजुरीचं विचारलं तर उत्तर मिळालं, "जंगल त्यांचंच आहे, त्यांनीही श्रमदान केलं." त्यांना कुणी विचारलं होतं? प्रमाणपत्रावर त्यांच्यापैकी एकीचंही नाव नव्हतं.

याला श्रमदान म्हणत नाहीत, वेठ म्हणतात. मध्य प्रांतात इंग्रजांच्या वनखात्यानं वनग्रामं वसवली ती मजूर हाताशी राहावेत म्हणून. आपल्या आजा-पणज्यांनी गावकीची कामं राबून केली, तेव्हाही त्याला कर्तव्यच म्हणत. संविधानाच्या कलम 23 नं वेठबिगार बंद केली. किमान वेतनापेक्षा कमी पैशात राबवून घेणं हीसुद्धा सक्तीची मजुरीच, असं सर्वोच्च न्यायालयानं 1982 मध्ये सांगितलं.

आणि जंगल खरंच त्यांचं असेल, तर 2006 चा वनहक्क कायदा पाळा. जंगल राखायचा आणि पुन्हा उभं करायचा हक्क तो ग्रामसभेला देतो. अमरावती जिल्ह्यातल्या पायविहीरच्या कोरकूंना 2012 मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला. त्यांनी रोजगार हमीची मजुरी घेऊन उजाड रान हिरवं केलं आणि तिथली सीताफळं स्वतः बाजारात नेली. तिथे मालक आणि राबणारे एकच होते, म्हणून रान जगलं.

मित्रांनो, प्रमाणपत्र आपल्याला लागतं. नोकरीच्या अर्जाला जोडायला आपल्याकडे ओळखीपाळखी नसतात. मीही ते फाडलं नाही, फाईलमध्ये आहे. पण पुढच्या वेळी नाव देण्याआधी तीन प्रश्न विचारा. ग्रामसभेनं ठराव केला का? खड्डे खोदणारीला मजुरी मिळाली का? कोणती झाडं लावायची हे तिला विचारलं का? उत्तर टाळलं, तर कुदळ खाली ठेवा.

जय भीम, जय जोहार.