फुकटचे चित्र आणि मुक्त चित्र

मंडळी, हल्ली कुठल्याही कार्यक्रमात भिंतीवर पडदा असतो आणि पडद्यावर चित्रे. चित्रे असावीत, त्याबद्दल वाद नाही. कोरड्या मजकुरापेक्षा चित्र लवकर डोक्यात शिरते, हे वर्गात तक्ते टांगणाऱ्याला सांगायला नको. माझा वाद वेगळाच आहे. ही चित्रे येतात कुठून आणि दाखवतात काय?

गुगलवर शब्द टाकायचा आणि पहिले दिसेल ते उचलायचे, ही आपली रीत. विचारले तर उत्तर ठरलेले, "नेटवर फुकट आहे हो!" अहो, शेजाऱ्याच्या आंब्याची फांदी कुंपणाबाहेर आली म्हणून आंबे आपले होतात का? फुकट दिसणे वेगळे आणि मुक्त असणे वेगळे. आपल्याकडे १९५७ चा कॉपीराइट कायदा आहे. छायाचित्रावर ते काढणाऱ्याच्या हयातीत आणि त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षे हक्क राहतो. शिक्षकाने शिकवण्याच्या ओघात चित्र वापरले तर कलम ५२ सूट देते. पण तेच चित्र स्मरणिकेत किंवा दुकानाच्या जाहिरातीत छापले, की या सुटीचा आधार उरत नाही.

बरे, मुक्त चित्रांचा दुष्काळ आहे म्हणावे, तर तेही नाही. विकिमीडिया कॉमन्स २००४ पासून चालू आहे. तिथली चित्रे कोणीही, अगदी व्यवसायासाठीही, वापरू शकतो. बहुतेकांची अट एवढीच, की काढणाऱ्याचे नाव आणि परवाना लिहा. काहींची आणखी एक अट असते : चित्रात बदल केलात तर तेही तसेच मुक्त ठेवा. गुगलच्या चित्रशोधातही वापराच्या हक्कांची चाळणी आहे, तिच्यात 'क्रिएटिव्ह कॉमन्स' निवडा. राजा रविवर्मा १९०६ साली वारले. त्यांच्या चित्रांवर आता कोणाचा हक्क उरलेला नाही. चित्राखाली एक ओळ नाव लिहायला किती वेळ लागतो? तेवढेही आपल्याला जड होते.

पण चोरीपेक्षाही मला खुपते ते दुसरेच. आपल्या भागातल्या धानावरचे एक सादरीकरण पाहिले. पडद्यावर डोंगरउतारावरची पायऱ्यापायऱ्यांची हिरवी शेती! ती कुठली ते देव जाणे, ब्रह्मपुरीची नक्कीच नव्हे. आपल्या सपाट बांध्या, पऱ्ह्यांच्या पेंड्या, चिखलात वाकून रोवणी करणाऱ्या बाया कुठे गेल्या? 'माझे घर' म्हटले की धुराड्याचे लाल घर, 'जंगल' म्हटले की बर्फातली सुचीपर्णी झाडे. मोहाच्या झाडाखाली फुले वेचलेल्या पोराला आपले जंगल चित्रात दिसतच नाही. मग चित्रात येते ते मोठे आणि आपले ते दाखवण्याजोगे नाही, असे त्याला वाटू लागते. ते कोणी शिकवत नाही, पण ते शिकते.

आता तर यंत्राला सांगून चित्र काढून घेतात. त्यात हक्काची कटकट कमी, असे सांगतात. पण यंत्र जे पाहिले त्यावरूनच काढणार ना? आपली रोवणी जगाच्या संग्रहात नसेल तर ते तरी कुठून आणेल?

म्हणून माझे म्हणणे असे, की नुसते घेणारे राहू नका, देणारे व्हा. आपल्या भागाचा म्हणून वाघ जगाला भरपूर दिसतो. दिवाळीनंतरची मंडई, झाडीपट्टीच्या नाटकाचा मंडप, शंकरपट, वैनगंगेकाठचे मार्कंडा हे कोण दाखवणार? प्रत्येकाच्या खिशात कॅमेरा आहे. "उद्या माझ्या फोटोवर कोणी पैसे कमावले तर?" असे काही जण विचारतात. कमावू द्या की! फोटो तुमच्या मोबाइलमध्ये पडून राहिला असता तर तुम्हाला तरी काय मिळणार होते? नाव तुमचे राहील आणि गाव आपले दिसेल. मात्र लोकांचे, विशेषतः लेकरांचे चेहरे विचारल्याशिवाय टाकू नका.

पुण्या-मुंबईच्या भाच्या-पुतण्यांनो, दिवाळीला याल तेव्हा फराळाच्या ताटाचे फोटो पुरे झाले. एक सकाळ धान कापणीच्या बांधीवर चला. दहा चांगले फोटो काढा, खाली मराठीत गावाचे नाव लिहा आणि कॉमन्सवर चढवा. कसे चढवायचे ते मी शिकवीन. पटत नसेल तर भांडा, पण फोटो काढून मग भांडा.