ठिगळाचा स्वाभिमान

गेल्या स्नेहसंमेलनात महाडच्या सत्याग्रहावर नाटिका बसविली. तिच्यासाठी भाड्याने ड्रेपरी आणण्याऐवजी वसतिगृहातील जीर्ण चादरी, आखूड झालेले गणवेश आणि पालकांच्या घरची जुनी लुगडी यांतून पोशाख शिवण्याचे आम्ही ठरविले. तेव्हा एका विद्यार्थ्याच्या आजोबांनी विचारले, "गुरुजी, आमच्या बापजाद्यांनी गावाची जुनेरी अंगावर वागवली. लेकरांच्या अंगावर पुन्हा चिंध्याच घालणार का?"

हा प्रश्न टाळण्याजोगा नाही. त्यामागची वेदना आम्ही जाणतो. मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायात चांडाळाने प्रेतांची वस्त्रे वापरावीत असा दंडक आहे. तो ग्रंथापुरता राहिला नाही. गावगाड्यात मढ्यावरचे कापड हा महाराचा हक्क मानला गेला. अपमानालाच हक्काचे नाव मिळाले. २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला दहन झाले ते याच ग्रंथाचे. त्याच परिषदेच्या वेळी बाबासाहेबांनी स्त्रियांना पोशाखाविषयी उपदेश केला. स्पृश्य स्त्रियांप्रमाणे लुगडी नेसा, वस्त्राला ठिगळे असली तरी चालतील पण ते स्वच्छ असू द्या, असा त्याचा आशय होता. बाबासाहेबांनी ठिगळाला हरकत घेतली नाही. त्यांची हरकत दुसऱ्यांनी अंगावर लादलेल्या हीनतेच्या खुणेला होती.

बौद्ध परंपरा याच बाबतीत आणखी खोल जाते. उकिरड्यावरून वा स्मशानातून वेचलेल्या कापडाचे 'पांसुकूल' चीवर भिक्खू स्वतः धुऊन, शिवून, रंगवून वापरीत. मगधातील बांधांनी आखलेली शेते पाहून तशा रचनेचे चीवर करता येईल का, असे तथागतांनी आनंदास विचारले आणि आनंदाने तुकडे जोडून ते सिद्ध केले, असे विनयपिटकात येते. तेथेच राजा उदयनाचा प्रसंग आहे. एवढ्या चीवरांचे करणार काय, या त्याच्या प्रश्नावर आनंद सांगतो की जुन्या चीवरांची आच्छादने होतील, ती जीर्ण झाली की गाद्यांच्या खोळी, मग जमिनीवरची अंथरुणे, मग पायपुसणी आणि अखेरीस चिखलात कालवून लिंपण.

स्मशानातले कापड दोन्हीकडे आहे. मनूने ते शिक्षा म्हणून लादले. संघात भिक्खूंनी ते स्वेच्छेने स्वीकारले आणि शाक्य राजपुत्र व न्हावी उपाली यांच्या अंगावर सारखेच चीवर आले.

म्हणून आमचे मत स्पष्ट आहे. दरवर्षी जूनमध्ये वसतिगृहाच्या ओसरीवर काही गाठोडी येऊन पडतात. त्यांत बटणे तुटलेले सदरे, डागाळलेल्या विजारी, एकाच पायाचा बूट असतो. घरातली अडगळ काढणे म्हणजे दान नव्हे. ते कपडे जसेच्या तसे कोणत्याही मुलाच्या अंगावर जाऊ नयेत. मात्र जे कापड मुले स्वतः उसवतात, धुतात, बेततात आणि शिवतात, ते त्यांच्या श्रमाने त्यांचे होते. आपल्या आया-आज्यांनी फाटक्या लुगड्यांच्या गोधड्या शिवल्या, त्यांत कोणाचे उपकार नव्हते.

नाटिकेसाठी चादरींची धोतरे झाली, लुगड्यांची पागोटी झाली, खाकी विजारींतून पोलिसांचे पोशाख निघाले. मुलींबरोबर मुलेही धावदोरा आणि काज करावयास शिकली. उरलेल्या चिंध्या उशांत भरल्या. त्या आजोबांचे पूर्ण समाधान झाले असा आमचा दावा नाही. पण प्रयोगानंतर नातवाचा सदरा हातात धरून त्यांनी विचारले, "हे काज तू केलंस?" नातवाने मान डोलावताच त्यांनी ते पुन्हा एकदा निरखून पाहिले.

माजी विद्यार्थ्यांना आमची विनंती एवढीच की फाटक्या कपड्यांची गाठोडी पाठवू नका. धुतलेले, टिकाऊ कापड असेल तर द्या. त्याहून बरे म्हणजे आपल्यापैकी जे शिवणकाम जाणतात त्यांनी एक रविवार येऊन मुलांना बेतणे शिकवावे. 'अत्त दीप भव' हा उपदेश कात्री आणि सुई हाती घेतानाही लागू पडतो.

जय भीम!